काढायच्या राहून गेलेल्या बागा

आमच्या निफाडकडे द्राक्षबाग पंधरा-सोळा वर्षांची झाली की तिचं वय झालं असं धरतात. डोळे नीट फुटत नाहीत, घड सुटा पडतो, मण्याला फुगवण येत नाही. मग एका उन्हाळ्यात तारा गुंडाळल्या जातात, अँगल उपटले जातात, जेसीबी रांगांमधून फिरतो आणि दोन दिवसांत रान मोकळं होतं. खोडं बांधावर रचून ठेवतात. पुढचं वर्षभर बंबात द्राक्षाचीच लाकडं जळतात. आमच्या आबांनी थॉमसनची जुनी बाग काढली तेव्हा मी शेवटच्या रांगेपाशी उभा होतो. मला वाईट वाटत होतं. आबांना वाटत नव्हतं. हिशेब सरळ होता: औषधांचा खर्च तोच, मजुरी तीच आणि माल निम्मा.

स्पेनच्या ईशान्येला, काटालोनियात, प्रियोरात नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे. तिथे बाटलीवर ‘जुन्या वेलींची वाईन’ असं छापायचं असेल, तर त्या वेली १९४५ पूर्वी लावलेल्या किंवा किमान ७५ वर्षं वयाच्या असाव्या लागतात. तसा नियमच आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पंच्याहत्तर वर्षांत आमच्याकडे एकाच शेतात चार-पाच बागा लागून निघून जातात. म्हणून एका सप्टेंबरअखेरीस, तिथली काढणी चालू असताना, मी तो मुलूख बघायला गेलो.

* * *

बार्सिलोनाहून समुद्राच्या कडेने निघालेली रेल्वे रेऊस सोडल्यावर डोंगरात शिरते. मार्सा-फाल्सेत स्टेशनावर उतरायचं. फाल्सेत हे तालुक्याचं गाव. तिथून ग्रातालोप्सचा रस्ता सुरू झाला की सपाट जमीन दिसेनाशी होते. एकामागे एक टेकड्या, मधून सिउराना नदीची घळ आणि उत्तरेला मोन्तसांतचा उभा कडा. ऑलिव्ह, बदाम, हेझलनट, पाइनची झाडं, आणि त्यांच्या मध्येमध्ये उतारावर हिरवे ठिपके. लांबून ती करवंदीची जाळी वाटावीत. जवळ गेल्यावर कळतं की त्या द्राक्षवेली आहेत.

इथे मांडव नाही, वाय-सांगाडा नाही, एक तारही नाही. गुडघ्याएवढं खोड, त्याला वर तीन-चार हात फुटलेले आणि त्यांवर छत्रीसारखा पाला. घड त्या पाल्याच्या सावलीत लपलेले. अशा खुज्या वेलीला आधार लागत नाही, वाऱ्याने ती मोडत नाही आणि स्वतःच्या घडांवर ती स्वतःच सावली धरते.

बागेत पाऊल टाकलं आणि घसरलो. पायाखाली माती नव्हतीच. चपट्या, धारदार कपच्यांचा थर होता. पाऊल पडलं की कौलं फुटल्यासारखा आवाज करत खाली सरकणारा. एक कपची उचलली. एका बाजूने काळी-निळी, दुसऱ्या बाजूने गंजासारखी तांबूस, आणि उन्हात धरली तर अभ्रकाची चमक. नखाने तिचे पदर सुटत होते. हा पाटीचा दगड. ज्या दगडी पाटीवर आपल्या आधीच्या पिढ्यांनी श्री गिरवला, त्याच जातीचा. काटालान भाषेत इथल्या या जमिनीला ‘लिकोरेल्या’ म्हणतात.

आपला सह्याद्री लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा दगड त्याहून कितीतरी जुना, तीस कोटी वर्षांच्याही पलीकडचा. समुद्रतळाच्या गाळावर दाब पडत गेला आणि त्याचे पापुद्रे झाले. त्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नाही, आणि वर पडलेलं पाणी टिकत नाही. पण पापुद्रे आडवे राहिले नाहीत. जमीन दुमडताना ते तिरके, कुठे कुठे उभेच झाले. दोन पापुद्र्यांमध्ये जी फट असते तिच्यातून वेलीचं मूळ खाली उतरतं. रस्ता रुंद करताना कापलेल्या एका दरडीत मी ते पाहिलं. वर वीतभर रुंदीचं खोड, आणि खाली दोन पुरुष खोलीवर, दगडाच्या चिरेत, बोटाएवढं जाड मूळ. चिरेच्या आकाराप्रमाणे ते पट्टीसारखं चपटं झालं होतं. त्याच्याही खाली ते गेलं होतंच. दरड तिथे संपत होती.

म्हाताऱ्या वेलीचं महत्त्व इथे कळतं. चार-पाच वर्षांची वेल वरच्या ओलीवर जगते. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला आणि ‘मेस्त्राल’ हा वायव्येचा कोरडा वारा सुटला की ती कोमेजते. ऐंशी वर्षांची वेल खोलवरच्या ओलाव्यापर्यंत पोचलेली असते. दुपारनंतर समुद्राकडून ‘गारबिनादा’ हा दमट वारा येतो, त्याचा तिला दिलासा मिळतो. ती थोडंच फळ धरते आणि ते शेवटपर्यंत नेते. काही वेलींना किलोभरही द्राक्षं लागत नाहीत. आमच्याकडे खायच्या द्राक्षाचा एकरी दहा टन माल निघतो, त्याशेजारी हे उत्पन्न मांडलं तर हसू येईल. पण मणी बारीक, साल जाड, रस कमी. वाईनचा रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो, त्यामुळे इथे कमी रस हीच जमेची बाजू ठरते.

नुसतं वय झालं म्हणून वेल चांगली होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. चुकीच्या जातीची, चुकीच्या जागी लावलेली वेल शंभर वर्षांची झाली तरी चुकीचीच राहते. आमच्या वेली लवकर थकतात त्यालाही कारण आहे. आपल्याकडे हिवाळा असा नाही की वेल झोपी जाईल. एप्रिलमध्ये खरडछाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. वर्षातून दोनदा आपण तिला कापून जागं करतो आणि भरपूर माल मागतो. प्रियोरातची वेल पानगळीनंतर थेट वसंतापर्यंत निजून असते. छाटणी एकदाच, थंडीत. ती दीर्घायुषी होते त्यात या झोपेचा वाटा मोठा.

* * *

या मुलखाचं नावच एका मठावरून पडलं. मोन्तसांतच्या कड्याखाली, बाराव्या शतकाच्या अखेरीस, कार्थुसियन पंथाच्या साधूंनी मठ बांधला. दंतकथा अशी, की एका मेंढपाळाला पाइनच्या झाडाला टेकलेली शिडी दिसली आणि तिच्यावरून देवदूत स्वर्गात चढत होते. म्हणून मठाचं नाव स्काला देई, देवाची शिडी. मठाच्या प्रमुखाला ‘प्रायर’ म्हणतात. त्याच्या अमलाखालची गावं म्हणजे प्रियोरात. द्राक्षाच्या शेतीची जाण या साधूंनी आणली आणि सहाशेहून अधिक वर्षं ती इथे रुजवली. हे मौनव्रती. प्रत्येकाची वेगळी कुटी, वेगळी छोटी बाग, जेवणसुद्धा भिंतीतल्या खिडकीतून आत यायचं. १८३५ मध्ये सरकारने मठांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, साधूंना हाकललं गेलं आणि मठ लुटून जाळला गेला. आज तिथे कमानी आणि उघड्या भिंती आहेत. एक कुटी तेवढी पुन्हा उभारून दाखवली आहे.

त्यानंतर भरभराटीचा काळ आला, तो दुसऱ्याच्या दुःखावर. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं शोषणाऱ्या सूक्ष्म किडीने १८६० च्या दशकापासून फ्रान्सच्या बागा संपवायला सुरुवात केली. फ्रान्सला वाईन हवी होती, आणि काटालोनियातल्या डोंगरांवर जिथे पाय ठरेल तिथे वेल लावली गेली. पोरेरासारख्या लहानशा गावातली तीन-तीन मजल्यांची घरं आणि दर्शनी भिंतींवरची रंगीत छायाघड्याळं पाहताना सुबत्तेची ती वर्षं डोळ्यांसमोर येतात. १८९३ च्या सुमारास कीड इथेही पोचली. काही वर्षांत सगळं गेलं.

उपाय होता तो कलमाचा. अमेरिकेतल्या जंगली वेलींची मुळं ही कीड सहन करतात, म्हणून खाली तो खुंट आणि वर आपली काडी. नाशिकच्या बागायतदाराला हे समजवायला नको. आपण डॉगरिजवर कलम भरतो ते खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून, पण तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच. प्रियोरातमध्ये ज्यांच्याकडे पैसा आणि उमेद उरली होती त्यांनी उतारांवर पुन्हा लागवड केली. बाकीचे बार्सिलोनाला, रेऊसला निघून गेले. आज ज्यांना आपण जुन्या वेली म्हणतो त्यांतल्या अगदी म्हाताऱ्या या दुसऱ्या लागवडीतल्या आहेत. मठाच्या काळातलं काहीच उरलेलं नाही.

पुन्हा लावल्या त्या मुख्यतः दोनच जाती, गारनाचा आणि कारिन्येना. गारनाचा गोडी पटकन धरते, पण तिची वाईन हवेने लवकर उतरते. कारिन्येना उशिरा पिकते, आंबटपणा सोडत नाही. एकीची उणीव दुसरी भरून काढते. संसारासारखा तो मेळ या उतारांवर शंभर वर्षं टिकला.

* * *

या डोंगरांशी एका मराठी माणसाचं नातं आहे आणि ते आपण विसरलो आहोत. प्रियोरातच्या पश्चिमेला एब्रो नदी, तिच्या पलीकडे गांदेसा. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, ज्यांना बाळाजी हुद्दार म्हणत, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह होते. इंग्लंडला गेल्यावर त्यांचे विचार बदलले, आणि १९३७ मध्ये ‘जॉन स्मिथ’ असं नाव घेऊन ते यादवी युद्धात जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमधून स्पेनला आले. १९३८ मध्ये गांदेसाजवळ ते पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या मठातल्या तुरुंगात राहिले. सुटका झाल्यावर ते मायदेशी परतले. त्याच वर्षी जुलै ते नोव्हेंबर एब्रोची लढाई झाली. प्रियोरातमधल्या ला बिस्बाल दे फाल्सेत गावाजवळच्या एका गुहेत जखमींसाठी इस्पितळ मांडलं होतं. ती गुहा आजही दाखवतात. तोफांचे आवाज ज्यांनी ऐकले त्या वेली अजून द्राक्षं देतात, असं मनात आलं तेव्हा वेलीचं वय मला पहिल्यांदा आकड्याबाहेर कळलं.

युद्धानंतरचा काळ दारिद्र्याचा. १९३२ मध्ये या वाईनला आपल्या नावाची कायदेशीर ओळख मिळाली होती आणि १९५४ मध्ये नियमही झाले, पण शेतकऱ्याच्या हाती काही लागलं नाही. माल गावच्या सहकारी सोसायटीत घालायचा; तिथून ती गडद, कडक वाईन टँकरने दुसऱ्यांच्या पातळ वाईनला रंग आणि जोर द्यायला जायची. बेलमुंतच्या शिशाच्या खाणी १९७२ मध्ये बंद पडल्या आणि रोजगाराची तीही सोय संपली. तरणी माणसं गेली, म्हातारी उरली. आजही साऱ्या तालुक्याची वस्ती दहा हजारांच्या आतच आहे.

या बागा कुणी प्रेमापोटी राखल्या, वारसा म्हणून जपल्या, असं बाटलीवरच्या मजकुरावरून वाटतं. तसं झालेलं नाही. नवी लागवड करायला पैसे नव्हते. उतार इतका उभा की ट्रॅक्टर चढत नव्हता. पोरं शहरात होती. सपाटीवरच्या शेतकऱ्यांनी चांगल्या उताऱ्याच्या जाती लावल्या, तारा ओढल्या, ठिबक टाकलं. इथे ते जमलं नाही. म्हणून बागा काढायच्या राहून गेल्या. पण राहून गेलेली बाग आपोआप जगत नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी कात्री घेऊन चढत होतं, खेचराला जुंपून कपच्यांतून नांगर ओढत होतं, आणि सोसायटीचा भाव परवडत नाही हे ठाऊक असूनही सप्टेंबरात करंड्या खाली आणत होतं. त्या माणसांची नावं कुठल्याही बाटलीवर नाहीत.

* * *

मग बाहेरची माणसं आली. १९७९ मध्ये रेने बार्बिए यांनी ग्रातालोप्सजवळ जमीन घेतली. त्यांच्याभोवती दहा वर्षांत एक गट जमला: रिओहामधल्या वाईनवाल्या घराण्यातला तरुण आल्वारो पालासिओस, जीवशास्त्राचे शिक्षक जोझेप लुईस पेरेस, पत्रकार कार्लेस पास्त्राना, स्वित्झर्लंडहून आलेली डाफ्ने ग्लोरियन. १९८९ चं पीक त्यांनी ग्रातालोप्समधल्या एका सामायिक तळघरात मिळून आंबवलं आणि आपापल्या नावाने बाटल्या भरल्या. बहुतेक नावांपुढे ‘क्लोस’, म्हणजे कुंपणातली बाग: क्लोस मोगादोर, क्लोस एरास्मुस, क्लोस मार्तिनेत. जगाने आधी दुर्लक्ष केलं, आणि मग काही वर्षांत या नावांसाठी रांगा लागल्या.

या पहिल्या फळीने जुन्या वेलींचा माल घेतलाच, पण स्वतःची नवी लागवड करताना काबर्ने सोव्हिन्यों, सिरा, मेर्लो या फ्रेंच जाती आणल्या. डोंगर यंत्राने कापून पायऱ्या पाडल्या. त्या काळात जगाला आवडणारी चव तीच होती. कारिन्येनाला तर कुणी विचारतच नव्हतं. ती सोसायटीच्या टाकीत जायची गावठी जात. पण वर्षं गेली तसं लक्षात येत गेलं, की काबर्ने जगात कुठेही होते. पाटीच्या दगडातली ऐंशी वर्षांची कारिन्येना क्वचितच कुठे मिळते. पोरेरा हे कारिन्येनाचं गाव. १९९४ च्या ऑक्टोबरात तिथे महापूर आला, आणि त्यानंतरच्या वर्षांत सोसायटीच्याच शेतकऱ्यांच्या जुन्या वेलींपासून उत्तम वाईन करून त्यांना चांगला भाव द्यायचा प्रयत्न उभा राहिला. जोझेप लुईस पेरेस त्यात होते, आणि फ्रँकोच्या राजवटीविरुद्धच्या गाण्यांनी काटालोनियाचा आवाज झालेले गायक लुईस लाकही होते. पोरेरा त्यांच्या आईचं गाव. ज्या मालाला कवडीमोल धरत होते त्याच मालासाठी दारात माणसं येऊ लागली.

पालासिओस यांची ‘लेर्मिता’ ही वाईन १९९३ पासून निघते. ग्रातालोप्सजवळच्या एका लहान देवळाखालच्या उतारावरची, मुख्यतः जुन्या गारनाचाची. तिथे आजही खेचरंच नांगरतात. तिची बाटली हजार युरोंच्या वर जाते. २००० मध्ये काटालान सरकारने आणि २००९ मध्ये स्पेनने प्रियोरातला सर्वोच्च दर्जा दिला. साऱ्या देशात तो फक्त रिओहाकडे आणि प्रियोरातकडे आहे. पुढे गावागावांच्या आणि बागाबागांच्या नावाने वाईन ओळखण्याची पद्धतही आली. शेतांची जुनी नावं, जी केवळ म्हाताऱ्यांच्या तोंडी होती, ती नकाशावर नोंदली गेली. मला या साऱ्यात ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या शिवारातल्या ‘वडाचं’, ‘खळवाडी’, ‘माळाचं’ या नावांचं सातबाऱ्यावर काही उरत नाही. गट नंबर उरतो.

पोरेरातल्या एका लहानशा तळघरात मी जुन्या कारिन्येनाची वाईन चाखली. रंग जांभळाचा, प्याल्याला डाग पडेल इतका गडद. पंधरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असूनही घशाला चटका नाही. आधी उन्हात तापलेल्या रानझुडपांचा वास, मग पिकल्या करवंदाची आंबट धार, आणि बराच वेळ जिभेवर राहणारी, ओल्या पाटीवर जीभ लावल्यासारखी कोरड. दगडातले क्षार मुळांतून थेट चवीत उतरतात असं शास्त्र मानत नाही. दगड पाणी किती देतो, उष्णता किती धरतो, वेलीला किती ताणतो, त्यातून चव घडते. तरी तोंडात पाटी आली होती हे खरं.

* * *

या कौतुकाला काळजीची किनार आहे. २०२१ पासून काटालोनियात सलग काही वर्षं दुष्काळ पडला. २०२३ चं पीक तर फारच घसरलं, आणि कुठे कुठे वेली वाळून गेल्या. ज्या मुळांनी शंभर उन्हाळे काढले त्यांनाही खाली ओल सापडली नाही. कोवळी वेल वाळली तर पुढच्या वर्षी दुसरी लावता येते. नव्वद वर्षांची वेल वाळली तर तिच्या जागी नव्वद वर्षांची वेल येण्यासाठी नव्वद वर्षंच लागतात. त्यावर कुठलंही अनुदान चालत नाही. भाव आला, दर्जा आला, नकाशावर नाव आलं, आणि नेमकं तेव्हा पावसाने हात आखडता घेतला. उतारावरचं काम करायला माणसं मिळत नाहीत ही दुसरी अडचण. चढावर करंडी उचलणारे हात आता बहुतेक बाहेरून आलेले आहेत.

घरी आल्यावर आबांना फोटो दाखवले. मठ, कडा, छायाघड्याळं, सगळं त्यांनी भराभर पुढे सरकवलं. मग एका खोडाचा जवळून घेतलेला फोटो आला तिथे ते थांबले. चष्मा काढला, फोन डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी फोटो मोठा केला.

“कितीची म्हणालास?”

“नव्वदच्या पुढची असंल, आबा.”

ते बराच वेळ छाटणीच्या जखमा बघत होते. खालच्या खोलगट, काळ्या पडलेल्या. मधल्या भरत आलेल्या. वरच्या ताज्या, पांढऱ्या.

“हे बघ,” ते म्हणाले, “खालचा काप उताराच्या बाजूला काढलाय. इथनं पुढं सगळे काप वरच्या अंगाला. हा हात दुसरा आहे. आणि हे वरचं कात्रीचं काम तिसऱ्याचं.” मग फोन माझ्याकडे देत विचारलं, “आता कोण छाटतं?”

मी सांगितलं, ज्याची बाग आहे त्याची मुलगी. शहरातून परत आलीय.

आबांनी मान हलवली. बांधावर आमच्या थॉमसनची दोन-चार खोडं अजून पडलेली आहेत. त्या संध्याकाळी ते तिकडे गेले, एक खोड उलटंपालटं करून पाहिलं, आणि बंबाजवळ न नेता ओसरीच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं.